लँडलाइन फायबरवर नेताना: नंबर, नाव, वीज आणि घरातली वायर

नागपुरात ०७१२ चे कितीतरी नंबर वर्षानुवर्षं एकाच घरात आहेत. महालातल्या वाड्यात, धरमपेठेतल्या जुन्या बंगल्यात, इतवारीतल्या दुकानात तोच नंबर पाटीवर, पावतीपुस्तकावर, डॉक्टरांच्या फाइलवर लिहिलेला असतो. पावसाळा लागला की तांब्याच्या लाइनीवर खरखर सुरू होते, मग लाइन आठवडाभर मुकी होते आणि कोणीतरी सांगतं, "फायबर घेऊन टाका, फोन त्यावरच चालतो." सल्ला चांगला आहे. पण या बदलात एक जबाबदारी गुपचूप आपल्या घरी येते. आजवर फोनला वीज टेलिफोन एक्सचेंज देत होतं, यापुढे ती आपल्याला द्यावी लागते. ज्या घरात म्हातारी माणसं एकटी राहतात आणि अडीअडचणीला याच फोनचा आधार आहे, तिथे तर ही गोष्ट फायबर घेण्याआधीच समजून घ्यायला हवी.

तांब्याच्या लाइनीत एक्सचेंजपासून घरापर्यंत दोन तारांची एक अखंड जोडी असते. लाइनमनच्या बोलीत तिला पेअर म्हणतात. ती एक्सचेंजमधून रस्त्याकडेच्या पिलरमध्ये, म्हणजे जोडण्यांच्या पेटीत येते, तिथून गल्लीतल्या डीपीत, म्हणजे घराघरांत लाइनी वाटणाऱ्या छोट्या डबीत, डीपीतून ड्रॉप वायरने भिंतीवर आणि शेवटी घरातल्या रोझेटमध्ये, म्हणजे फोन लावायच्या डबीत. या जोडीवर एक्सचेंजच्या बॅटऱ्या सतत सुमारे ४८ व्होल्ट डीसी ठेवतात. घंटी वाजवायची असते तेव्हा त्यावर साधारण ७५ ते ९० व्होल्ट एसी सोडला जातो. म्हणूनच जूनच्या वावधानात अख्ख्या वस्तीची लाइट गेली तरी टेबलावरचा साधा फोन चालू असायचा. खरखर येते ती जोडांमुळे. पिलरमध्ये किंवा जमिनीखालच्या जॉइंटमध्ये पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं, संपर्क कच्चा होतो. सिमेंटच्या रस्त्यांसाठी खोदकाम झालं की तुटलेल्या केबलमधल्या शेकडो पेअर एकेक करून पुन्हा जोडाव्या लागतात, त्यामुळे दुरुस्ती रखडते.

फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा धागा. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. कंपनीच्या बाजूला ओएलटी नावाचं यंत्र असतं, वाटेत स्प्लिटर एका धाग्यातला प्रकाश सहसा ३२ किंवा ६४ घरांत वाटून देतो, आणि आपल्या घरी येतो तो ओएनटी, ज्याला सगळे सरसकट मोडेम म्हणतात. ओएनटीच्या मागे रुंद भोकं लॅनची, म्हणजे इंटरनेटच्या वायरींची, आणि त्यांच्या बाजूला एक किंवा दोन अरुंद भोकं फोनची असतात. त्यावर 'टेल', 'फोन' किंवा 'पॉट्स' असं काहीतरी छापलेलं असतं. जुना फोन इथे लावायचा. ओएनटी आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतो, त्यांचे सहसा २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो आणि पाकिटं करून पाठवतो. उलट बाजूने आलेली पाकिटं जोडून पुन्हा आवाज करतो.

एका कॉलला प्रत्येक दिशेने १०० केबीपीएससुद्धा पुरे होतात, तेव्हा फोनसाठी महागडा प्लॅन घेण्याची काहीच गरज नाही. आवाज बिघडतो तो पाकिटं उशिरा किंवा मागेपुढे पोचल्यामुळे. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलताना तो जाणवत नाही. त्याहून फार वाढला की दोघंही एकाच वेळी बोलू लागतात आणि एकाच वेळी थांबतात.

हाच फोन मोबाइलवरच्या ॲपमधूनही चालतो, किंवा कोणत्याही इंटरनेटच्या राउटरमागे फोन जोडायचा वेगळा अडॅप्टर लावूनही. पण कंपनीच्या ओएनटीतला फोन-पोर्ट या दोन्हींपेक्षा भरवशाचा आहे, कारण तिथे आवाजासाठी इंटरनेटपासून वेगळी वाट राखलेली असते. घरात मुलं सिनेमा उतरवत असली तरी कॉल अडखळत नाही. ॲप सोयीचं आहे, पण मोबाइलची बॅटरी, वायफाय आणि ॲपची परवानगी या तिन्ही गोष्टी जागच्या जागी असल्या तरच घंटी वाजते. आई-वडिलांच्या घरी ॲपवर विसंबू नका.

आधी नंबर आणि नाव

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २०११ पासून आहे. लँडलाइनला ती नाही. नागपुरात बीएसएनएलचा सात आकडी नंबर २ ने सुरू होतो. दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलं तर ०७१२ तेच राहील, पण पुढचा नंबर नवा आणि २ सोडून दुसऱ्या आकड्याने सुरू होणारा मिळेल. जुना नंबर टिकवायचा असेल तर आहे त्याच कंपनीच्या फायबरवर जाणं हा मार्ग. तिथेही अर्जावर 'जुना नंबर कायम ठेवून फायबरवर बदल' असं स्पष्ट लिहून घ्या. 'नवीन फायबर जोडणी' असा अर्ज भरला गेला तर नवा नंबर मिळतो आणि जुना आपोआप बंदही होत नाही. बिल मात्र दोन्हींचं येत राहतं.

कंपनी बदलणारच असाल तर जुनी लाइन लगेच कापू नका. दोन बिलांएवढा काळ दोन्ही चालू ठेवा आणि जुन्यावर येणारे कॉल नव्यावर वळवून घ्या. बँक, गॅस एजन्सी, विमा, सोसायटीचं रजिस्टर, दवाखाना, सगळीकडे नंबर बदलायला तेवढा वेळ लागतोच. लाइन बंद करताना सुरुवातीला भरलेली अनामत रक्कम परत मागा आणि कंपनीचा फोन जमा केल्याची पावती घ्या.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती नावावर. पुष्कळ घरांत फोन अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहे आणि ते हयात नाहीत. वर्षानुवर्षं बिल भरलं जातं, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. फायबरचा अर्ज करताना ओळखपत्र लागतं तेव्हा काम थांबतं. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती, आपलं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि शेवटचं भरलेलं बिल घेऊन आधी नाव बदलून घ्या आणि मगच फायबरचा अर्ज करा. दोन्ही अर्ज एकदम दिले की कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतात.

वायर घरात येते तेव्हा

ओएनटी कुठे बसवायचा हे माणूस यायच्या आधी ठरवून ठेवा, नाहीतर तो दाराजवळच्या पहिल्या प्लगपाशी बसवून जाईल. नागपूरच्या उन्हाळ्यात जागा फार महत्त्वाची ठरते. बहुतेक ओएनटी ४० ते ४५ अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असताना स्लॅबखालचा माळा, पश्चिमेची भिंत किंवा बंद शोकेस याहून कितीतरी जास्त तापते. दुपारी फोन बंद आणि रात्री आपोआप सुरू असं होत असेल तर पहिला संशय उष्णतेवर घ्या. कूलरच्या समोरची जागाही नको. दमट हवेचा सतत झोत आणि उडणारे थेंब यांनी पोर्टमधले संपर्क गंजतात. कूलरच्या पंपाचा आणि ओएनटीचा प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ठेवू नका.

बाहेरून येणाऱ्या काळ्या ड्रॉप केबलमध्ये काचेच्या धाग्यासोबत आधाराची पोलादी तार असते. ती तार भिंतीबाहेरच खिळ्याला बांधून तिथेच कापायची, घरात आणायची नाही. फायबरचा मोठा फायदा म्हणजे वीज कडाडली तर तांब्यासारखा झटका लाइनीतून आत येत नाही. पोलादी तार आत ओढली की तो फायदा कमी होतो. संक्रांतीत मांजा या लोंबत्या केबलीत अडकतो आणि पोरं तो खाली ओढतात, म्हणून केबल गच्चीच्या कठड्यावरून सैल न सोडता भिंतीला क्लिप लावून आणलेली बरी. वळणं सौम्य ठेवा. दाराच्या फटीत चेपलेली किंवा खिळ्याभोवती करकचून आवळलेली केबल वरून धड दिसते, पण आतला प्रकाश वळणावर निसटतो.

टोकाला लावतात तो कनेक्टर ओएनटीवर बहुधा हिरवा असतो. निळा कनेक्टर हिरव्याच्या जागी बसतो, पण त्यांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात आणि सिग्नल पडतो. हिरव्याला हिरवाच लावायला सांगा. टोक बसवायच्या दोन पद्धती आहेत: मशीनने धागा वितळवून जोडणं, किंवा हाताने दाबून बसवायचा फास्ट कनेक्टर. दुसरा झटपट होतो, पण कालांतराने सैल पडतो. मशीनचा जोड मागा, त्यासाठी चार पैसे जास्त लागले तरी. काम झाल्यावर काचेचे बारीक कापलेले तुकडे चिकटपट्टीने टिपून घ्या. ते उघड्या पायात घुसतात आणि दिसत नाहीत. कनेक्टरच्या टोकात डोकावून पाहू नका, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण असतो.

माणूस जायच्या आधी त्याच्याकडून सिग्नलचा आकडा मोजून घ्या आणि भिंतीवर किंवा बिलाच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. तो डीबीएम या प्रकाशाच्या ताकदीच्या मापात असतो आणि उणे असतो; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. उणे १५ ते उणे २४ असेल तर छान. उणे २७ च्या पलीकडे बहुतेक ओएनटी तग धरत नाहीत. आकडा दर ३ ने घसरला की प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २१ वरून उणे २७ वर येणं म्हणजे चौथा हिस्साच उरणं. पुढे कधी तक्रार करायची वेळ आली तर "पहिल्या दिवशी उणे २० होता, आज उणे २६ आहे" या एका वाक्याने दोष कुठे आहे ते ठरतं आणि वाद संपतो.

घरभर फिरलेली जुनी वायर

जुन्या घरांत बैठकीत एक फोन, आतल्या खोलीत एक, वरच्या मजल्यावर एक असे समांतर जोडलेले असतात. ही आतली वायर फुकट जात नाही. ओएनटीच्या फोन-पोर्टमधून एक वायर घरातल्या कोणत्याही एका फोन-सॉकेटमध्ये लावली की सगळी सॉकेट जिवंत होतात. अट एकच: बाहेरून येणारी तांब्याची जोडी आधी पूर्ण सोडवलेली हवी. ही पायरी लोक विसरतात आणि ओएनटीचा फोन-पोर्ट जळतो, कारण एका बाजूने एक्सचेंजचे ४८ व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूने ओएनटीचे स्वतःचे व्होल्ट एकाच तारेवर भिडतात. शिवाय ती जोडी गच्चीवरून येणारा विजेचा झटका नव्या यंत्रात आणून सोडते.

काम असं करा. ओएनटीची फोन-वायर अजून लावू नका. ड्रॉप वायर घरात ज्या पहिल्या रोझेटमध्ये येते तो उघडा. आत दोन स्क्रूंवर बाहेरची जोडी आणि आत जाणारी जोडी एकत्र पिळलेली दिसेल. बाहेरच्या दोन्ही तारा काढा आणि प्रत्येकीला वेगवेगळी इन्सुलेशन टेप गुंडाळा. हे करताना घंटी वाजली तर बोटांना चांगलाच झटका बसतो, म्हणून कोरड्या हातांनी आणि प्लास्टिकच्या मुठीच्या पेचकसानेच काम करा. मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून उरलेल्या दोन स्क्रूंवर मोजा. शून्य आलं पाहिजे. ४८ च्या आसपास काही दाखवलं तर बाहेरची जोडी आणखी कुठेतरी जोडलेली आहे. बहुधा वरच्या मजल्याला स्वतंत्र ड्रॉप दिलेला असतो. शून्य आल्याशिवाय ओएनटी जोडू नका. जुन्या ब्रॉडबँडसाठी लावलेली छोटी पांढरी स्प्लिटर-डबी काढून टाका, तिचं काम संपलं.

समांतर फोन किती लावावेत? ओएनटीची घंटी वाजवायची ताकद एक्सचेंजपेक्षा कमी असते. दोन-तीन साधे इलेक्ट्रॉनिक फोन चालतात. त्याहून जास्त लावले की घंटी अशक्त वाजते किंवा वाजतच नाही. जास्त ठिकाणी फोन हवा असेल तर एका बेसवर तीन-चार हँडसेट चालणारा कॉर्डलेस घ्या, तो ओएनटीच्या लेखी एकच फोन. डायल फिरवायच्या जुन्या फोनवर येणारा कॉल घेता येतो, पण फिरवून लावलेला नंबर अनेक ओएनटींना कळत नाही. फॅक्सही भरवशाचा राहत नाही. दवाखान्यात किंवा दुकानात छोटं इंटरकॉम एक्सचेंज असेल तर समोरच्याने फोन ठेवल्यावर लाइन सुटते का ते मुद्दाम तपासा. फ्लॅट स्कीममध्ये लिफ्टचा आणीबाणीचा फोन जुन्या लँडलाइनवर असेल तर लाइन बंद करण्याआधी लिफ्टवाल्याला कळवा.

वीज

लाइट गेली की वायफाय बंद पडल्याचं सगळ्यांना क्षणात कळतं. फोन बंद पडल्याचं कोणालाच कळत नाही, कारण त्या वेळी तो कोणी उचललेला नसतो. बाहेरून मुलगी पुण्याहून फोन लावत राहते आणि तो लागत नाही. म्हणून ओएनटीला स्वतंत्र बॅकअप देणं हा या बदलाचाच भाग समजा, हौस नव्हे.

घरात इन्व्हर्टर असेल तर ओएनटीचा प्लग खरोखर त्याच्या लाइनवर आहे का ते मेन बंद करून पाहा. बहुतेक घरांत इन्व्हर्टर दिवे-पंख्यांना दिलेला असतो, सगळ्या प्लगांना नाही. काही इन्व्हर्टरवर 'इको' आणि 'यूपीएस' असं बटण असतं. इकोवर वीज बदलायला इतका वेळ लागतो की ओएनटी बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि चालू कॉल तुटतो. यूपीएसवर ठेवलं की सहसा तुटत नाही.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना ओएनटीच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात आणि १, १.५ किंवा २ अँपिअरचे. यूपीएसचे व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. ९ व्होल्टच्या भोकात लावून चालणार नाही. पिनही जुळली पाहिजे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पिनांचं आतलं भोक २.१ किंवा २.५ मिलिमीटरचं असतं, आणि सैल बसलेली पिन ओएनटी दिवसातून चारदा बंद-चालू करते.

डब्यावर छापलेल्या एमएएचवरून तास असे काढा: ८,८०० एमएएच म्हणजे ८.८ गुणिले सेलचे ३.७ व्होल्ट, साधारण ३२ वॅट-तास. वाटेत पंधरा टक्के जातात असं धरलं तर २७ उरतात. ओएनटी ९-१० वॅट घेत असेल तर पावणेतीन-तीन तास. रात्रभराची सोय हवी असेल तर यापेक्षा कितीतरी मोठी बॅटरी लागेल. दोन-तीन वर्षांनी आतले सेल निम्म्यावर येतात, म्हणून दर उन्हाळ्याआधी एकदा प्लग काढून किती वेळ चालतं ते घड्याळ लावून पाहा.

आणि कॉर्डलेस फोनच्या बेसलाही वीज लागते. ओएनटी चालू, लाइन चालू, तरी फोन मुका असा प्रकार याच कारणाने होतो. घरात एक तरी वायरवाला साधा फोन ठेवा, तो ओएनटीच्याच विजेवर चालतो.

अर्ज करताना हेही विचारा: आपल्यापर्यंत येणारं फायबर सरळ ओएलटीपासून येतं, की इमारतीच्या जिन्याखालच्या नेटवर्क स्विचमधून, म्हणजे घराघरांत जोडणी वाटणाऱ्या विजेवरच्या यंत्रातून? आणि ओएलटी स्थानिक फ्रँचायझीच्या दुकानात असेल तर त्याच्याकडे बॅटरी किती तासांची आहे? स्प्लिटरला वीज लागत नाही, स्विचला लागते. जिन्यातली लाइट गेली आणि तिथला स्विच बंद झाला तर आपल्या घरातल्या यूपीएसचा काही उपयोग नाही. फोन पोचत नसताना कॉल मोबाइलवर वळवण्याची सोय कंपनी देत असेल तर ती पहिल्याच दिवशी चालू करून घ्या.

तपासणी आणि बिघाड

डायल टोन आता एक्सचेंज नाही, घरातला ओएनटी वाजवतो. टोन आली म्हणजे लाइन ठीक, हा जुना हिशेब चालत नाही. माणूस घरात असतानाच मोबाइलला फोन लावून पाहा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावा लागतो, फायबरवरही तेच. मग मोबाइलवरून घरी लावा. बँकेच्या 'मराठीसाठी अमुक दाबा' अशा सेवेला फोन करून बटणं ओळखली जातात का ते पाहा. शेवटी एक कॉल अर्धा तास चालू ठेवा, कारण काही दोष पंधरा मिनिटांच्या किंवा अर्ध्या तासाच्या ठोक्यालाच कॉल तोडतात आणि एरवी सापडत नाहीत. नंबर दाबल्यावर चार-पाच सेकंद शांतता असते, ओएनटी आणखी आकडे येतील म्हणून थांबलेला असतो. पुष्कळ ओएनटींत शेवटी # दाबलं की लगेच लागतो.

ओएनटीवरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा, लाल दिवा लागला तर प्रकाशच येत नाही: केबल तुटली, दाबली किंवा कनेक्टर निघाला. पॉनचा, म्हणजे फायबर-जोडणीचा, हिरवा दिवा लुकलुकत राहिला तर प्रकाश येतो पण कंपनीच्या यंत्रात आपल्या ओएनटीची नोंद होत नाही, सिग्नल कमजोर असतो किंवा कंपनीकडची नोंद चुकलेली असते. पॉन स्थिर, इंटरनेट चालू आणि फक्त फोनचा दिवा बंद असेल तर फायबरचा काही दोष नाही, कंपनीने फोनच्या खात्याची माहिती पुन्हा भरायला हवी. अशा वेळी घरी माणूस येऊन उपयोग नसतो. आपला आवाज जातो पण समोरचा येत नाही, तेव्हाही बहुधा सेटिंगच चुकलेलं असतं. कोणाचा फोन आहे तो नंबर दिसत नसेल तर फोन आणि ओएनटी नंबर पाठवायच्या दोन वेगवेगळ्या पद्धतींवर आहेत, ओएनटीत ती बदलता येते. घरातल्या समांतर वायरचा दोष आहे का हे ओळखायला ती वायर काढून एक साधा फोन सरळ ओएनटीला लावा. तिथे स्वच्छ ऐकू आलं तर खरखर आपल्या भिंतीतल्या वायरची.

तक्रार नोंदवताना "फोन बंद आहे" एवढंच सांगू नका. कोणते दिवे लागले आहेत, कोणत्या रंगाचे, इंटरनेट चालू आहे का, आणि फाइलमध्ये लिहिलेला सिग्नलचा आकडा, एवढं सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. एलओएस लाल असेल तर स्प्लायसिंग मशीन, म्हणजे धागा वितळवून जोडायचं मशीन, घेऊनच माणूस पाठवायला सांगा, नाहीतर पहिली खेप केबल पाहण्यात जाते आणि जोड दुसऱ्या दिवशी होतो.